दिग्या, तुझं वादळ येऊन गेलं

दिग्या, तुझं वादळ आलं. तू गेल्यावर आलं. तुझं टायमिंग आयुष्यभर असंच. लग्नाच्या पंगतीला तू पोचायचास तेव्हा मठ्ठा संपलेला असायचा, आणि चाळीच्या क्रिकेटमध्ये तुझी बॅटिंग आली की नेमका अंधार पडायचा. पण ही म्हणजे हद्द झाली. ज्या वादळाच्या मागे तू पार लक्षद्वीपपासून लागला होतास, ते लालबागच्या बाजूला आलं तेव्हा तू नव्हतास. तुझ्या जागी टॅब हातात घेऊन गॅलरीत उभा कोण, तर मी. तुला 'वेधशाळा' हे नाव ज्याने ठेवलं, तो.

तुझं दहावं अजून व्हायचंय. लोक भेटायला येतात, चहा नको म्हणतात, 'फार चांगला माणूस होता हो' म्हणतात आणि चपला शोधतात. मीही मान हलवतो. चांगला होतास, नाही कोण म्हणतंय? पण मला ते ऐकवत नाही. माझं तुझ्याशी भांडण राहिलंय, आणि भांडायला तू नाहीस. म्हणून हे लिहायला बसलोय. मध्ये तीनदा उठलो. एकदा उगाच गॅलरीत जाऊन आलो, एकदा पाणी प्यायलो, एकदा बायकोवर, नीलावर ओरडलो. बिचारीने फक्त पंखा लावू का विचारलं होतं.

तुला हे वेड लागलं ते रिटायर झाल्यावर. औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यातून सुटलास, आणि प्राचीने तुला टॅब दिला. तिला वाटलं बाबा भजनं ऐकतील, नातीचे व्हिडिओ बघतील. तू त्यावर काय शोधून काढलंस, तर रडार. मला आठवतं, तू धावत पहिल्या माळ्यावर माझ्या खोलीत आलास आणि ते चित्र माझ्या नाकासमोर धरलंस. मध्ये कुलाबा, भोवती गोल गोल रेघा, आणि त्यावर निळे, हिरवे, पिवळे डाग. मी म्हटलं, 'कुणाची सोनोग्राफी रे ही?' तू हसला नाहीस. 'अन्या, टीव्हीवाले सांगतात तो अंदाज. हे डोळ्यांनी बघणं आहे. हा हिरवा डाग म्हणजे आत्ता, ह्या मिनिटाला अलिबागच्या पुढे पाऊस पडतोय.'

'तिथे बसून कसं कळतं त्याला?'

'विहिरीत हाक मारतोस ना, तसं. हाक मारायची आणि ती परत यायला किती वेळ लागला ते बघायचं. ही हाक पावसाच्या थेंबांवर आपटून परत येते.'

मी म्हटलं, बरं. आणि चहा मागवला. मला वाटलं आठवडाभर चालेल हे. तुझं हार्मोनियम शिकणं चाललं होतं तेवढंच.

चाललं मात्र वर्षानुवर्षं. चाळीच्या ग्रुपवर तुझे अपडेट सुरू झाले. 'पालघरकडून ढग निघाले आहेत. दादरला छत्री उघडा, लालबागने वाळत घातलेले कपडे काढा.' लोक अंगठे टाकायचे, हसायचे. पण कपडे काढायचे, हे मी बघितलंय. पुढच्या गल्लीतला गणपतीच्या कारखान्याचा मालक तर तुला विचारल्याशिवाय मंडपाचं प्लॅस्टिक उघडत नसे. आणि तुझ्यावर सगळ्यात जास्त तोच हसायचा.

मग तुला टिकलीची आयडिया सुचली. लांबचं वादळ तू उपग्रहाच्या चित्रात बघायचास, पण एकदा ते रडारच्या टप्प्यात आलं की तुझ्या अंगात यायचं. टॅबच्या काचेवर, वादळाच्या बरोबर मध्यावर, सुलभावहिनींची लाल टिकली चिकटवायची. नवीन चित्र आलं की नवीन मध्यावर दुसरी टिकली. 'एका चित्रावरून बोलायचं नाही, अन्या. एका फोटोवरून माणूस येतोय की जातोय कळतं का? चार टिकल्या झाल्या की चाल कळते.' वहिनी आतून ओरडायच्या, 'माझी पाकिटंच्या पाकिटं संपवतात! बाहेर जाताना शोधावी तर एक मिळत नाही.' तू त्यांना पाकीट आणून द्यायचास, आणि त्यातल्या निम्म्या परत पळवायचास. एकदा त्या हळदीकुंकवाला निघाल्या आणि त्यांची टिकली रत्नागिरीच्या समुद्रात चिकटलेली होती. तुम्ही दोघं भांडत होतात, मी दारात उभा राहून पोट धरून हसत होतो. काय दिवस होते रे.

आपलं भांडण एकच. मुंबईवर वादळ येत नाही, हे माझं म्हणणं. येतं येतं म्हणतात, सगळे खिडक्या बंद करतात, आणि ते शेवटी वळतं आणि गुजरातला जातं. प्रत्येक वेळी. तू म्हणायचास, 'आणि कोकणात उतरलं ते? तुझ्या मामाच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, ते काय होतं? चार बोटं इकडे सरकलं असतं तर?' मी म्हणायचो, 'सरकलं नाही ना? मग?' तू चिडून जिना चढून जायचास. दुसऱ्या दिवशी सगळी चाळ तुला विचारायची, 'काय दिग्या, पोचलं का गुजरातला?' तू हसायचास, पण तुझे कान लाल व्हायचे. मला दिसायचे.

'वळलं तरी त्याला शेपूट असते,' असं तू म्हणायचास. ह्या शेपटीवरून मी तुला किती छळलं! माकडाची का मगरीची, असं काहीही. तुझं म्हणणं सरळ होतं. वादळ म्हणजे नकाशावरची टिकली नव्हे, त्याचा वारा चारी बाजूंना लांबवर पसरलेला असतो. मध्य समुद्रात राहिला तरी कड आपल्यावरून घासून जाते. आणि आपल्या चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर पत्रे. पुनर्विकास होणार होणार म्हणून ज्यांचे खिळेसुद्धा कुणी बदलले नाहीत असे पत्रे. त्यांच्याखाली तू, वहिनी आणि आणखी चार बिऱ्हाडं. म्हणून तू प्रत्येक वादळाला सांगायचास, तिसऱ्या माळ्यावरच्यांनी वेळेवर खाली या. 'वाट बघत बसू नका. वाट बघण्यात माणसं जातात.'

हे तुझं वाक्य, दिग्या. तुझं. मला आता त्या वाक्याचा इतका राग येतो.

खरं सांगायचं तर माझ्यावर तुझे उपकार आहेत, आणि ते मी कधी बोललो नाही, कारण आपल्यात तसं बोलायची पद्धत नाही. आमचा रोहित कॉलेजात होता तेव्हाची ती संध्याकाळ. दादरला पाणी भरलं, तो हिंदमाताच्या अलीकडे अडकला, आणि नीला देवापुढे बसली. तू माझ्या खोलीत टॅब घेऊन बसलास आणि त्याला फोनवर सांगत राहिलास. 'आत्ता निघू नको. मोठा पट्टा आहे डोक्यावर. त्या दुकानाच्या पायरीवरच थांब. आता कड आली. आता मागे मोकळं आहे, चल, निघ, पुलाच्या बाजूने ये.' तो घरी पोचेपर्यंत तू फोन ठेवला नाहीस. पोरगं आत आलं, नीलाने त्याला मिठी मारली, आणि तू म्हणालास, 'वहिनी, आता चहा.' मी तुला साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. मी म्हटलं, 'बिस्किटं पण खा, भाव खाऊ नको.'

आता ते सांगतो ज्यासाठी हे लिहितोय.

तुला छातीत दुखायला लागलं ते आदल्या संध्याकाळी. हे मला नंतर कळलं. वहिनींनी तुला सांगितलं, डॉक्टरकडे चला. तू म्हणालास, पित्त आहे. त्यांनी जेवताना सांगितलं. तू म्हणालास, उद्या बघू, हे कमी दाबाचं क्षेत्र कुठे सरकतंय तेवढं बघतो. सकाळी त्यांनी तुझा शर्ट काढून ठेवला, बूट दारात आणून ठेवले. तू म्हणालास, एवढं एक चित्र येऊ दे. मग चित्र आलं का नाही मला माहीत नाही. वहिनींची हाक आली, मी तीन-तीन पायऱ्या गाळत वर आलो, तर तू भिंतीला टेकून घामाने निथळत होतास.

प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून तुला खाली आणला. आपला जिना तुला माहीत आहे, दुसऱ्या माळ्याच्या वळणावर कपाट फिरत नाही, खुर्ची काय फिरणार! मी खालच्या बाजूला होतो. तुझे पाय माझ्या छातीला लागत होते. त्या वळणावर आम्ही अडकलो, आणि तू डोळे उघडून मला म्हणालास, 'अन्या, टॅब चार्जिंगला लाव.' बस. एवढंच. पन्नास-साठ वर्षांची दोस्ती, आणि शेवटचं बोललास काय, तर चार्जिंग. मी 'हो' म्हटलं. टॅक्सी परळपर्यंत पोचली तेव्हा तू नव्हतास.

मग तुला परत वर नेलं. मग पुन्हा खाली आणलं. त्याच वळणावरून. आणि संध्याकाळी घरी आल्यावर मी खरंच तुझा टॅब चार्जिंगला लावला. का लावला ते मला विचारू नकोस.

प्राची तीन दिवस राहिली. बाळ अंगावरचं, त्याला ताप आला, म्हणून वहिनींनीच तिला ठाण्याला पाठवलं. दहाव्याला ये म्हणाल्या. वर खोलीत वहिनी आणि तुझा दिवा. तुला जिथे टेकवलं होतं तिथे, दक्षिणेकडे तोंड करून, खाली पीठ पसरून. नीला रात्री सोबतीला जायची. वहिनी रडत नव्हत्या. त्याची आम्हाला काळजी वाटत होती. वाती करायच्या, तेल घालायचं, आणि भिंतीकडे बघत बसायचं.

आणि तिकडे तुझं कमी दाबाचं क्षेत्र वाढत होतं. त्याचं वादळ झालं, त्याला नाव मिळालं, टीव्हीवर लाल अक्षरं सुरू झाली. चाळीच्या ग्रुपवर दोन दिवस कुणीच काही लिहिलं नाही. मग कारखान्याच्या मालकाने मला रस्त्यात गाठलं. 'अनंतभाऊ, दिगंबरभाऊ तर गेले. आता आम्ही कुणाला विचारायचं? मंडप उतरवू का?' हसला नाही तो. मला काय कळतंय त्यातलं! पण मी टॅब उघडला.

वादळाच्या दिवशी सकाळीच ते रडारच्या टप्प्यात आलं. खालच्या कोपऱ्यातून पिवळे-तांबडे पट्टे गोल फिरत वर यायला लागले. आकाश गढूळ, वारा अजून साधाच. तिसऱ्या माळ्यावरच्या चारही बिऱ्हाडांनी पोरंबाळं, कागदपत्रं घेऊन खाली यायला सुरुवात केली. कुणी दुसऱ्या माळ्यावर, कुणी शाळेत. सांगावं लागलं नाही कुणाला. एक म्हातारी तर म्हणाली, 'दिगंबर असता तर कालच काढलं असतं आम्हाला.' तू मेल्यावर तुझं ऐकायला लागले बघ सगळे.

मी वर गेलो. 'वहिनी, चला खाली. नीलाने तुमची गादी घातलीय.'

'दिवा आहे, भावजी.'

'दिवा पण नेऊ.'

'दिवा हलवत नाहीत जागेवरचा.' आणि तेल घालायला लागल्या. मी खाली आलो.

नीला म्हणाली, 'तुम्हाला सांगता येत नाही. नीट समजावून सांगा.' मी टॅब घेऊन पुन्हा वर. म्हटलं, तुझ्या पद्धतीने दाखवतो, चाल दाखवतो. पण चिकटवायला काही नव्हतं. मी काचेवर बोट ठेवून खाणाखुणा करत होतो, तर वहिनींनी फडताळ उघडलं, टिकल्यांचं पाकीट काढलं आणि माझ्यासमोर टाकलं. 'घ्या. मला आता कशाला?'

नीला मागोमाग आली होती, ती एकदम म्हणाली, 'कशाला म्हणजे? तुम्हाला लावायची तर लावा, कोण बोलतंय ते मी बघते.' मी पाकिटातून एक काढली आणि वादळाच्या मध्यावर लावली. ती जरा गोव्याकडेच लागली. मग दुसरी. मग मी तिथेच जमिनीवर बसलो, दिव्यापासून हातभर लांब, आणि चित्रं येत गेली. टिकल्यांची रांग किनाऱ्याच्या कडेकडेने सरळ आपल्याकडे येत होती.

'हे बघा वहिनी. सकाळी इथे होतं. आता इथे. दुपारी आपल्या डोक्यावर.'

त्यांनी बघितलंच नाही. 'ह्यांनी माझं ऐकलं?' म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. 'मी संध्याकाळपासून सांगत होते. शर्ट काढून ठेवला. बूट आणून ठेवले. तेव्हा ह्यांचं हेच चालू होतं, टिकल्या आणि चित्रं. मग आता मी कुणाचं का ऐकू?' आणि मग मालवणीत, 'माका खय जावचा नाय.'

तेव्हा मला कळलं, दिग्या. दिव्याचं नुसतं निमित्त. ती बाई तुझ्यावर रागावून बसली होती. तू हलला नाहीस ना, मग मी पण नाही हलणार. मलाही तोच राग आला होता. मी टॅब उचलला आणि खाली आलो. जिन्यात मी तुला शिव्या दिल्या, मोठ्याने. दुसऱ्या माळ्यावरच्या बाईने दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं.

मग गॅलरीत उभा राहिलो. पाऊस आडवा यायला लागला होता. समोरच्या झाडाच्या फांद्या एकाच दिशेला वळून राहिल्या होत्या. मी चित्रावर चित्र बघत होतो, टिकलीवर टिकली लावत होतो, आणि मनात एकच म्हणत होतो, वळ बाबा, वळ. नेहमीसारखा जा गुजरातला. आयुष्यभर गंमत म्हणून म्हणायचो ते त्या दिवशी हात जोडून म्हणत होतो.

आणि खोटं नाही सांगत, शेवटच्या दोन टिकल्या डावीकडे गेल्या. समुद्राकडे. रांग वाकली. मी नीलाला हाक मारली, 'वळतंय गं! वळतंय!' ती म्हणाली, 'नक्की?' मी म्हटलं, 'चार होऊ दे.' तिसरी लावायला चित्रच येईना. नेट गेलं. पाठोपाठ वीज गेली. त्या पानावर एक चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि बंद पडलं.

आता सांग मला. वळतंय हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. एक बाई दिव्याजवळ बसली आहे, ती हलणार नाही म्हणते. तिला ओढून आणायचं, तिच्या नवऱ्याचा दिवा जागेवरून हलवायचा, आणि वादळ गेलं गुजरातला, तर ती मला जन्मभर काय म्हणेल? अजून थोडी वाट बघू, नेट येईल, चित्र येईल. एवढं एक चित्र येऊ दे. आणि हे मनात आलं तसा मला घाम फुटला. हे तुझंच वाक्य होतं. बूट दारात असताना तू बोललेलं.

मी वर पळालो. वरचे पत्रे खडखडत होते, एखादा हात आपटत असावा तसे. वहिनी दिव्याला दोन्ही हातांचा आडोसा करून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, 'कुठवर आलं, ते सांगायला आलात?'

'नाही. मला माहीत नाही कुठे आहे ते. वळलं असेल, नसेल.' मला धाप लागली होती. 'वहिनी, दिग्याला ह्या जिन्यावरून मी दोनदा खाली आणलाय. एकदा जिवंत, एकदा तसा. खालच्या बाजूला मी होतो. आता तुम्हाला आणायची वेळ आली ना, तर माझ्याच्याने होणार नाही. मी मरेन हो त्या वळणावर. माझ्यासाठी चला. त्याच्यासाठी नको, दिव्यासाठी नको.'

आणि मी रडलो, दिग्या. तुझ्या बायकोसमोर, भोकाड पसरून, ह्या वयात.

वहिनींनी पीठ तसंच ठेवलं, दिव्याखाली ताटली सरकवली आणि उठल्या. 'पुढे व्हा,' म्हणाल्या. 'पायरी दाखवा मला.'

वळणावर वाऱ्याचा एक झोत आला आणि दिवा गेला. नीला काडेपेटी घेऊन खाली उभी होती, तिच्या तोंडचं पाणी पळालं. मी भिंतीला चिकटलो. वहिनी म्हणाल्या, 'लावा परत. ह्यांनी बघितलं असेल तर बघू दे.' नीलाने पदर आडवा धरून लावला.

माझ्या खोलीत देव्हाऱ्याच्या बाजूला दिवा ठेवून आम्ही तिघं बसलो. वारा असा चालला होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मध्येच वर काहीतरी फाटल्यासारखं वाजलं, मग धाडकन. नीलाने माझा हात धरला. वहिनींनी वर बघितलं नाही. त्या वात पुढे सारत होत्या.

वारा पडला तो संध्याकाळी उन्हं असताना. नेट आलं. वादळ वळलं होतं रे. मध्य पार समुद्रात राहिला, गुजरातकडे गेला. माझं खरं झालं. आणि तिसऱ्या माळ्याचे निम्मे पत्रे शेपटीने नेले. तुझं खरं झालं. मंडप उतरवलेल्या कारखान्यात एका गणपतीच्या बोटाला धक्का लागला नाही. मालक मला म्हणाला, 'दिगंबरभाऊंना कळवा.' मी म्हटलं, कळवतो.

आम्ही वर गेलो. तुझ्या खोलीत आभाळ दिसत होतं. सगळं ओलं. पिठाचा चिखल झालेला. आणि वहिनी जिथे बसल्या होत्या, त्या चटईवर छपराचा वासा आडवा पडला होता, आणि त्याच्यावर अर्धा पत्रा. नीला 'आई गं' म्हणाली आणि दारातच खाली बसली. मी वाशाकडे बघत राहिलो.

वहिनी आत गेल्या. पत्र्याच्या कडेने चालत भिंतीपर्यंत गेल्या, जिथे तू त्या सकाळी टेकून बसला होतास तिथपर्यंत. भिंतीला हात लावला. आणि मग तुला बोलायला लागल्या, माझ्यासमोर, नीलासमोर, वर आलेल्या चार शेजाऱ्यांसमोर, कुणाची पर्वा न करता.

'सगळ्यांका उठा उठा म्हणान सांगलात. तुमी सोता कित्याक उठाक नाय?' भिंतीवर हात आपटला. 'माका सांगा. कित्याक उठाक नाय?'

आणि मग रडायला लागल्या. इतक्या दिवसांचं सगळं. कुणी जवळ गेलं नाही. त्यांचं तुझ्याशी चाललं होतं.

मी वाशाजवळ उभा होतो. मला तुला बरंच काही विचारायचं होतं, ह्या लेखात लिहीन म्हटलं होतं, आठ दिवस मनात जुळवत होतो. आता लिहायला बसलो तर वहिनींच्या त्या प्रश्नापलीकडे माझ्याकडे एक शब्द नाही. का नाही उठलास रे, दिग्या? बूट दारात होते.